तपकिरी

कुनुनुरात नोव्हेंबर. दुकानाच्या दाराची मूठ
सकाळी नऊलाच हाताला धरवत नाही.
मेव्हिस ड्रिस्कल ती शर्टाच्या टोकानं ओढते,
आत येते, काचेवर दोन्ही कोपरं टेकते.
एकोणीस वर्षं खाणीतला डंपर चालवलेली बाई.
"एक दाखव," म्हणते. "वाहिले पुष्कळ, पाहिला नाही कधी."

खरंच आहे ते.
एका खेपेला दीडशे टन दगड,
त्यात हिरे असलेच तर चिमूटभर,
आणि ती चिमूट कुठल्या खेपेत, देव जाणे.
शिफ्ट संपली की बूट उलटे करून झडती. तेवढाच संबंध.

अंते मारिनोविच दुकानातले दिवे मालवतो.
"दिव्याखाली सगळेच देखणे. खिडकीपाशी ये."
पांढऱ्या कागदावर तीन खडे ठेवतो, पालथे,
तोंड खाली केलं की अंगाचा रंग लपत नाही.

पहिला कोऱ्या चहासारखा, तोही दुसऱ्या पाण्याचा.
तिसरा इतका गडद, जणू काथाची वडी,
उजेड आत जातो आणि परत यायचं विसरतो.
मधला
काकवीची धार उन्हात धरावी तसा.
पाणी चांगलं आहे, असं आपला सराफ म्हणाला असता.
अंते एवढंच म्हणतो, "हा जागा आहे."

आपल्या भाषेत या रंगाला नाव मिळालं
चिमटीत धरून नाकात ओढायच्या पुडीवरून.
तिकडे कुणा शहाण्यानं शॅम्पेन म्हटलं, कोन्यॅक म्हटलं,
आणि ज्याला ड्रिलच्या टोकावर बसवून झिजवत होते
तो मखमलीवर येऊन बसला.

"नावाला पैसे देऊ नकोस, मेव्हिस.
कागद वाच. रंग जन्माचा की भट्टीतला, ते बघ.
प्लॅटिनममध्ये घालशील तर मळका दिसेल,
तांबूस सोन्यात घाल, तिथे त्याला माहेर आहे."

तिचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या डबीकडे.
तांदळाच्या कणीएवढा गुलाबी.
किंमत ऐकून ती शीळ घालते. "यात माझं घर येईल."
"गॅरेजसकट."
"आणि असं वेगळं काय आहे त्यात?"

अंते चष्मा काढतो, पुसतो, परत लावतो.
"फार काही नाही. दोघांतही बाहेरचं काही मिसळलेलं नाही.
खाली, खोलवर, दाब पडला. कणांच्या ओळी सरकल्या.
ओळी सरकल्या की उजेड वेगळा अडतो.
बहुतेक वेळा तपकिरी होतो. क्वचित गुलाबी."
"म्हणजे मार सारखाच?"
"साधारण सारखाच."

ती गप्प. रस्त्यावरून ऊस नव्हे, आंब्यांचा ट्रक जातो,
काच थरथरते, खडे कागदावर जरासे हलतात.
मग ती पाठीवर हात ठेवून म्हणते,
"माझेही दोन मणके सरकलेत. चौथा आणि पाचवा.
त्या सीटवर बसून.
कुठला रंग आला असेल, काय सांगावं."

अंते हसत नाही. बोटाचं माप घ्यायला कड्या काढतो.
सांध्यावरून एकही उतरत नाही;
शेवटी पुरुषांच्या जुडग्यातली एक, साबण लावून.
मधला खडा. कडेला एक काळा ठिपका आहे,
तो भिंगातून दाखवतो, ठिपक्याचे पैसे कमी करतो,
ती आणखी थोडे कमी करायला लावते,
आणि निरोपाच्या हिशेबात मिळालेल्या नोटा
अंगठा ओला करून मोजते. दोनदा.

"दोन आठवडे लागतील."
"एकोणीस वर्षं लागली. लागू देत."

बाहेर बोआबच्या तोकड्या सावलीत तिची गाडी,
बॉनेटवर लाल धुळीचा थर.
किल्ली शोधता शोधता ती त्यावरून बोट फिरवते
आणि तसंच धरून ठेवते समोर, उजेडात,
जरासं वळवून, पालथं करून,
खिडकीपाशी नुकतंच शिकली तसं.