श्रीखंडाच्या डब्यातलं नाक

रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली,
तिथेच कुठेतरी माझं नाक राहिलं.
चेहऱ्यावर आहे अजून, चष्मा टेकायला.
वास मात्र येत नाही.
कधी गेला, नेमकं सांगता येणार नाही.
दात पडला की जिभेला कळतं, केस गळले की आरसा सांगतो,
वास जाताना दार वाजवत नाही.

चांगुणा होती तोवर अडलं नाही.
ती म्हणायची, "दूध लागलं," मी गॅस बंद करायचो.
ती म्हणायची, "मढव्यांकडे सुकट भाजतायत,"
मला भूक लागायची.
दोघांत मिळून एक नाक. पुरत होतं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी
चहा उतू गेला, ज्योत विझली, मी पेपरात.
वरच्या मजल्यावरच्या फर्नांडिस टीचर
धावत खाली आल्या,
म्हणून हे लिहितोय.

मग नाक बनवायला घेतलं.
इन्स्ट्रुमेंट फिटर माणूस मी,
जन्मभर दुसऱ्यांच्या टाक्यांचे काटे जुळवले.
दीडशेचा सेन्सर,
नातवाच्या मोडक्या गाडीतली बॅटरीची पेटी,
घणसोलीच्या भंगारातला टेम्पोचा भोंगा,
आणि अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा डबा,
झाकणाला सुईने भोकं पाडून.
चालू केल्यावर दोन मिनिटं तापू द्यावं लागतं.
त्याआधी विचारलंत तर खोटं बोलतं.

पहिला आठवडा वेड्यासारखं ओरडलं.
डासांच्या स्प्रेला,
सुनेच्या नेलपॉलिशला,
आणि शनिवारी रात्री साडेबाराला
"ऑडिट होतं" म्हणत आलेल्या आमच्या रुपेशला.
सूनबाईंनी आधी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
मी स्क्रू पिळून डब्याला जरा समजूतदार केलं.

एकदा घरी कोणी नसताना
चांगुणाची मशेरीची डबी उघडून त्याच्यापुढे धरली.
गप्प.
तिचं लुगडं धरलं.
गप्प.
त्याला फक्त धोका कळतो.
डबी माझ्या नाकाशी नेली, उगाच,
आणि झाकण घट्ट लावलं.

मे महिन्यात सोसायटीमागचं गटार तुंबलं.
कंत्राटदाराची तीन पोरं आली, जालन्याकडची,
कमरेला दोर, तोंडाला रुमाल.
नुकतं मिसरूड फुटलेला बालाजी
काडी पेटवून आत टाकणार होता.
त्याचा आजा म्हणे विहिरीत आधी कंदील सोडायचा,
विझला तर माणूस उतरायचा नाही.
आजा शहाणा. पण ही विहीर नव्हे.
म्हटलं, काडी ठेव. दोन मिनिटं थांब. तापू दे.

सुतळीने डबा सोडला.
एक हात. दोन हात.
तिसऱ्या हाताला असा किंचाळला
की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

कंत्राटदार म्हणाला, "आजोबा, खेळणं उचला,
दुपारी साहेब बघायला येणार."
म्हटलं, मग साहेबांनाच आधी उतरवू.

झाकण उघडं ठेवून बसलो.
दर अर्ध्या तासाने डबा खाली, डबा वर.
पोरांनी सावलीत कलिंगड फोडलं,
एक फोड मला दिली.
बालाजी म्हणाला, "काका, एवढी घाण, तुम्हाला कायच येत नाही?"
"काहीच नाही."
"मजा हाय राव तुमची."

पाच वाजता मशीनची गाडी आली.
रोज येत असती तर काय झालं असतं,
हे मी विचारलं. कोणी ऐकलं नाही, पंप चालू होता.

डबा त्या दिवसानंतर बोलला नाही.
वहीत लिहिलंय: नाक क्रमांक दोन.
दोर लांब. भोंगा मोठा. डबा बुडला तरी चालला पाहिजे.
किंमत पाचशेच्या आत.
बालाजीचा नंबर शेजारी, पेन्सिलीने.

सुनेला सांगितलंय, या रविवारी श्रीखंड आणा.
एक नको, तीन डबे.
मला साखर चालत नाही, चवही लागत नाही,
तुम्ही खा.
डबे तेवढे नीट धुवा,
वास राहायला नको.