मागच्या दारानं

बदली होऊन आलात, एकटे आहात,
आणि विचारताय, जेवायला कुठं जाऊ.
मलाच विचारलंत ते बरं झालं.
अठरा वर्षं या रत्नागिरीत
खांद्यावर सिलिंडर घेऊन फिरतोय.
पाट्या वाचायला मान वर होत नाही.
खानावळी मी मागच्या दारानं ओळखतो.

स्टँडासमोर काचेचं दार, एसी,
मेन्यूवर सुरमईचा फोटो.
तिथं वाटण पिशवीतून येतं.
मागं पाटा नाही, वरवंटा नाही,
खिळ्याला एक कात्री लटकते.
जास्त बोलत नाही. गिऱ्हाईक आहे माझं.

एक हिशोब सांगून ठेवतो:
एकोणीस किलोची टाकी चार दिवसांत संपली
तर कालवण रोजचं रोज.
आठ दिवस पुरली
तर कालचंच ऊन करून वाढतायत.

मिरकरवाड्यात उतरा.
बर्फाच्या फॅक्टरीला वळसा घाला,
निळा पत्रा दिसेल, नाव काही नाही.
हुसनाबी मजगावकरांकडे टाकी साडेतीन दिवस.
काय आहे, असं विचारायचं नाही.
बसायचं.
रात्री होडीला जे लागलं ते ताटात,
बाजूला तांदळाची भाकरी, कड फुटलेली, वाफाळ.
काटे काढून द्यायला त्या नातवाला पाठवतील.
तुम्ही घाटावरचे, हे तोंडावरून कळतं.

सोमवार पाळत असाल तर खालची आळी.
वैशंपायनांच्या ओटीवर सात पाट,
आठवा माणूस उभा राहतो.
कुळथाची पिठी, फणसाची भाजी,
ताक मागितलं तर मिळतं, न मागता नाही.
साडेबाराला 'जेवण संपले' लागतं.
आत पातेल्यात असतं अजून.
म्हातारबुवांचे गुडघे संपलेले असतात.

आणि एक भाट्याच्या पुलापलीकडे.
शालन नागवेकर.
दोन वर्षांमागं तिनं दोन्ही टाक्या परत केल्या,
पुस्तक परत केलं,
"परवडत नाही, भाऊ" एवढंच.
आता चुलीवर करते, चार नेपाळी खलाशांसाठी
आणि जो वाट चुकेल त्याच्यासाठी.

इतक्या वर्षांत मी कुठंच टेबलावर बसलो नव्हतो.
कुणी अर्धा वडा हातावर ठेवायचं,
कुणी पेल्यात सोलकढी,
उभ्या उभ्या, नळाशेजारी.
तर त्या दिवशी सुट्टी होती. इस्त्रीचा शर्ट घातला
आणि तिच्याकडे पुढून गेलो.

ओळखलं नाही तिनं.
पदराला हात पुसत म्हणाली, "काय वाढू, साहेब?"
मी बोललो नाही काही.
तिरफळ घातलेला बांगडा होता,
धुराचा वास भातालासुद्धा.
तीनदा भात घेतला.
माझा उजवा खांदा उगाच हलका हलका वाटत होता,
काहीतरी खाली ठेवायचं विसरलोय
किंवा आणायचं.

सत्तर रुपये. मोजून घेतले.
बाहेर आलो तर
मागच्या दाराशी टाक्यांचे दोन गोल गंज
अजून फरशीवर, तसेच.

बुधवारी जा. मोरीचं मटण असतं.
माझं नाव सांगू नका, तिला ते ठाऊक नाही.
गॅसवाल्यानं पाठवलंय म्हणा.