तीन अधिक

बांबोळीच्या प्रयोगशाळेत, खिडकीपाशी,
मी काचेवर माणसं रंगवते.
म्हणजे माणसांचे केसाहून पातळ काप:
मेणातून सोडवायचे, पाण्यात आणायचे,
आधी तपकिरी, मग निळा.
निळं ते पेशीचं बी.
तपकिरी उमटलं तर समजायचं,
तिच्या वेशीवर निरोप घेणारे उभे आहेत.
घेणारे म्हणजे ऐकून घेणारे.
हा शब्द मराठीत जरा धोक्याचा.

पेशीला कान नसतात, कडेला दारं असतात,
आमच्या मंडूरच्या मानशीला आहेत तशी:
भरतीला खारं पाणीच ती ढकलून लावतं,
ओहोटीला आतलं पाणी ती उघडून निघतं.
पहारा नाही, किल्ली नाही.
सोयरूमामा वर्षातून दोनदा फटीत चिखल भरायचा,
कुजली तर माट्टीची फळी बदलायचा,
म्हणायचा, हिला पंचांग पाठ आहे.

विळीवर बोट कापलं
की कडेच्या पेशी शेजारणींना हाका मारतात.
खाजनाचा बांध फुटल्यावर
वाडा सोडून वाडा धावायचा फावडी, टोपल्या घेऊन,
तशा त्या येतात, लिंपतात,
आणि कुठूनतरी ऐकू येतं: पुरे.
पंगतीत पानावर आपण आडवा हात धरतो, तेवढंच.
त्या हातावर अंग उभं आहे.

वाढ.
पानात वाढ, अंगानं वाढ, एकच शब्द.
या काचेवरची पेशी तो ऐकते आहे
कुणी म्हणत नसताना.
दारं इतकी झालीत की एकमेकींवर आपटतात
आणि आपटण्यालाच निरोप समजतात.
वाढ. वाढ. वाढ.

भिंगाखाली जाळं दिसलं,
गडद, सलग, खुराड्याच्या तारेसारखं.
रंग छान चढला, असंच आलं मनात आधी.
डॉक्टर दुकळ्यांनी एकदाच डोळा लावला.
तीन अधिक, लिहा.
मग मी अर्जावरचं नाव वाचलं.
वाचायचं नसतं.
ब्रिजिदा कुलासो. वय बावन्न. मंडूर.

मानशीचं नुस्तं लिलावात घेणारी ब्रिजिदा.
वाटा मोजून देते
आणि पुरे गे म्हटलं तरी
वर मूठभर सुंगटं टाकतेच.
पुरे तिनं जन्मात ऐकलेलं नाही.
हे मला तेव्हा सुचायला नको होतं.

औषध आहे.
दर एकवीस दिवसांनी एक बाटली शिरेतून,
ते जाऊन त्या दारांवर बसतं
पानावर हात धरावा तसं.
सगळ्यांच्या पेशी ऐकतात असं नाही.
पुष्कळांच्या ऐकतात.
यातलं काही मी सांगायचं नाही,
मी रंगवायचं.
रिपोर्ट सोमवारी, सहीनिशी, बंद पाकिटात.

आज शुक्रवार. ओहोटी साडेसहाची.
कदंबा मला बांधाच्या तोंडाशी उतरवते.
मानशीला जाळं लागलंय, पाणी गुरगुरत बाहेर पडतंय,
गॅसबत्तीच्या उजेडात ब्रिजिदा वाटे लावते आहे.
डाव्या काखेखाली अजून पट्टी असावी,
हात ती थोडा दुरून हलवते.

"बांबोळीसून आयलीं? म्हजें कितें कळ्ळें गो?"

माझ्या अंगात या क्षणी
कोट्यवधी दारं उघडली, लागली,
तळहाताला घाम आला, घसा कोरडा,
सगळ्यांना निरोप पोचला, तिच्याखेरीज.
"सोमवारी," मी म्हणते.

ती मान डोलावते. वाटा पिशवीत ओतते.
मूठ पुन्हा भरते.

मी हात आडवा धरत नाही.