कर्मणी प्रयोग

दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी,
परळला, पाचव्या मजल्यावर,
नैतिकता समितीत एक सामान्य व्यक्ती लागते.
ती मी.
तीस वर्षं पालिकेच्या शाळेत व्याकरण शिकवलं.

आज रक्ताचे नमुने युरोपात पाठवायचेत.
तिकडचे कायदे कडक, डॉक्टर वैशंपायन म्हणाले,
तिथे थेंबालाही हक्क असतात.
संमतीपत्र अकरा पानी:
‘आपण केव्हाही माघार घेऊ शकता.’

इंदुमती भोईर, शिवडी, डाव्या हाताचा अंगठा.
ती घेईलही माघार,
साडी झटकून उठेल, निघेल.
पण उणे ऐंशी अंशांत गोठलेली तिची कुपी,
तिनं कुठून उठायचं?

कुणी बोललं नाही.
खारी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकली.

पान सात: ‘नमुना नष्ट केला जाईल.’
मी पेन्सिलीनं विचारलं, कोण करेल?
कर्मणी प्रयोगात कर्ता लपून बसतो, सर,
सातवीतली पोरंसुद्धा शोधून काढायची.
‘प्रयोग’ शब्दावर सगळे दचकले,
मग हसले.

संध्याकाळी इतिवृत्त आलं.
प्रस्ताव मंजूर.
खाली बारीक अक्षरात:
भाषेबाबत एक किरकोळ सूचना
करण्यात आली.