मुक्कामाची गाडी

बत्तीस वर्षं दापोली डेपो. बिल्ल्याचा नंबर आता आठवत नाही.
खोटं. आठवतो. तोच तर विसरायला बसलोय,
बौद्धवाडीच्या विहारात, पत्र्याखाली,
मांडी घालून, भिंतीला न टेकता.

शीलबोधी भन्ते म्हणाले, गमरे, श्वास मोजा.
दहापर्यंत. मग पुन्हा एक.
मोजण्यात माझा हात कोण धरणार?
एक फुल, दोन हाफ, आंजर्ले फाटा, सुट्टे द्या.
दहा होईतो मी केळशीला पोचलेला,
अंगठा मांडीवर तिकिटं पंच करतोय.

चौथ्या दिवशी गुडघा पेटला.
बघा, म्हणाले, कोणाचा दुखतोय.
बघितलं. आत चढून, बॅटरी मारून बघितलं.
दुखणं होतं. गरम, ठणकणारं, जरा सरकणारंही.
पण ते ज्याच्या नावावर लिहायचं
तो कुठल्याच सीटवर सापडेना.

तेव्हा बुरोंडीची रात्र आठवली.
मुक्कामाची गाडी. समुद्र शंभर पावलांवर,
अंधारात नुसता वासाने कळणारा.
मुकादम ड्रायव्हर टपावर घोरत,
मी झाडू घेऊन आत.
कोणाची छत्री, सुकटीची पिशवी,
एका पोराची डाव्या पायाची चप्पल.
सगळं उचललं, वहीत मांडलं, आणि सहज वळून पाहिलं
की आता गाडीत काय राहिलं.
बाकं. ती बाकं.
खिडक्या. त्या खिडक्या.
चाकांना तांबडी माती, ती तर अख्ख्या तालुक्याची.
मग गाडी कुठाय?
दचकून दोरी ओढली. टिंग.
टपावरून मुकादम झोपेतच ओरडला,
"कोण उतरतंय?"

तेव्हा हसू आलं होतं.

सातव्या पहाटे सुकती इतकी लांब गेली
की लाटेचाही आवाज येईना.
एक श्वास बाहेर गेला
आणि पुढचा यायला अजून वेळ होता.
शून्य म्हणजे मला विहीर वाटायची, कठडा नसलेली.
तसं काही नव्हतं.
दार उघडं होतं. आतले दिवे चालू.
जन्मभर मी ओरडत आलो, पुढे सरका, आत जागा आहे,
आणि स्वतः दारातच,
एक पाय फुटबोर्डवर.

मग पोट गुरगुरलं. भन्ते खोकले.
बाहेर सुमेधाची आई पेज ढवळत होती,
पळी पातेल्याला लागत होती.
विहारात माणसं पाच. मोजली.
मोजायची नव्हती.

पुन्हा एक.