वर्णन : भेट

हरभट रोडला, झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली
भूपालकाका चौगुले बसतात
डाव्या डोळ्यात भिंग घालून.
उजवा गिऱ्हाइकासाठी मोकळा.

जुन्या स्विस घड्याळांचे भाग सांगलीत काय,
मुंबईतही मिळत नाहीत आता.
हंगेरीतल्या सेगेडहून लास्लो नावाचा माणूस पाठवतो,
काड्यापेटीत, कापसात गुंडाळून.
वर लिहितो : भेट. किंमत दोन युरो.
एकोणीस वर्षं पेटी येत राहिली,
एकोणीस वर्षं इकडून
पाव पाव किलो राजापुरी हळद जात राहिली.
हिशोब कुणी मांडला नाही.

या खेपेला मेसेज आला :
पार्सल थांबवण्यात आले आहे.

फॉर्म मी भरला. आधार, पॅन, आठ आकडी कोड.
वजन?
काका हसले. "सराफाच्या काट्यावर ठेव,
शून्यच दाखवील बघ."
फॉर्म शून्य घेत नव्हता.

पाठवणाऱ्याशी नातं?
यादीत भाऊ होता, मुलगा होता, पुरवठादार होता.
काका यादी बघत राहिले
तांदळातले खडे बघावेत तशी.
"पुरवठादार टाक," म्हणाले,
आणि त्या दिवशी चारलाच फळी लावली.

मग लास्लोचं पत्र :
तुमची हळद इकडं अडकली आहे,
पिवळी पूड म्हणून तपासायला नेली.
आता दमडीचंही मोजतात.
मोजू देत. मला भात पांढराच खावा लागतो, एवढंच.

ड्यूटी, हाताळणी, हाताळणीवर कर :
सातशे बारा. भरले.
पावती काड्यापेटीच्या चौपट.

आज पेटी आली,
हिरव्या टेपनं परत चिकटवलेली,
आतला कापूस कुणीतरी पिंजून पाहिलेला.
इनामधामणीच्या पाटोळेबाई समोर उभ्या,
दीड महिना रिकामं मनगट चोळत.

काकांनी पंखा बंद केला.
पांढरा कागद अंथरला, कापूस अलगद झटकला.
काही पडलं नाही.
मी चुंबक पुढं केला.
"चुंबक नको. चाल बिघडते."

"श्वास बेतानं घ्या," म्हणाले.
आम्ही तिघं वाकलो कागदावर.
एक कण दिसला. तो तपकिरीचा निघाला.

तेवढ्यात वर जिन्यात
कुणीतरी धाडधाड उतरू लागलं
आणि काकांनी दोन्ही पंज्यांनी
कागद झाकून घेतला.