महिरपी कंसात

रोज रात्री बाराला त्बिलिसीचं मुख्य कार्यालय
आमच्या पडद्यावरून फडकं फिरवतं.
सकाळी बघावं तर निळी पार्श्वभूमी, सरकारी चार चिन्हं,
आणि काल मी मांडलेलं काहीच नाही.

एकोणीस वर्षं रिओनी नदीचं पाणी मोजतोय.
पातळी नोंदवायला मीच लिहिलेला प्रोग्राम,
द्राक्षवेलींच्या छाटणीची वही,
आणि, खोटं कशाला बोलू, एक बुद्धिबळ
रोज नव्यानं थाटायचं,
वाळूवरचं बिऱ्हाड.

मग ध्यानात आलं,
सेटिंग्जच्या मेनूत कुणी झाडू घेऊन शिरत नाही.
परक्याच्या माजघरात डोकवावं तसे
सगळे तिथून बिचकून परततात.

रविवारी, कचेरीत चिटपाखरू नसताना,
रजिस्ट्रीत उतरलो.
महिरपी कंसात बत्तीस अक्षरांचं नाव,
पावाच्या पावतीमागे लिहून आणलेलं,
दोनदा ताडून पाहिलं.
एक शून्य इकडचं तिकडे झालं असतं
तर यंत्राच्या नावानं आंघोळच.

सोळा बाय सोळाच्या चौकटीत एक मासा काढला.
शेपटी जमली नाही.
असू दे.

सोमवारी पडदा पुन्हा लख्ख पुसलेला,
पण मेनूत, माउस आणि वीज यांच्या मधोमध
मासा होता.

मार्चमध्ये तपासणीला त्सिआला आली,
बर्फाच्या पाण्यानं बूट भिजलेले.
तिनं सेटिंग्ज उघडली.
बाण खाली सरकत गेला
आणि माशावर थांबला.
मी कपातली साखर ढवळत राहिलो,
साखर घातलीच नव्हती.
"प्रिंटर ठीक आहे," ती म्हणाली,
सही केली, चारची गाडी पकडली.

गुरुवारी मेनूत एक ओळ जास्तीची.
माशाच्या खाली अर्धं डाळिंब,
नाव नाही, नुसता ठिपका.
दुपारपर्यंत हात लावला नाही.
मग दार लावून टिचकी मारली:
ओनी, अंब्रोलाउरी,
डोंगरातल्या ठाण्यांचे आकडे,
माझ्याच प्रोग्रामच्या साच्यात,
माझंच एक चुकीचं स्पेलिंगसुद्धा जसंच्या तसं.

आता वरून येणारं पाणी
माझ्या पट्टीला लागायच्या आधीच कळतं मला.
वरिष्ठ विचारतात, कसं काय?
मी म्हणतो, गुडघे दुखतात.

आणि हो, शेपटी.
कुणीतरी दोन ठिपके हलवून सरळ केलीय.
खरं सांगायचं तर
जरा जास्तच डौलदार वाटते आता.